चहा टाकायचा सूर

माझं काम सुरू झालं की घरातली माणसं खोलीतून निघून जातात. ही तक्रार नव्हे, कामच तसं आहे. पियानो जुळवायचा म्हणजे एकच पट्टी पुन्हा पुन्हा ठोकायची, खुंटी केसभर फिरवायची, कान लावायचा आणि परत ठोकायची. ऐकणाऱ्याचं डोकं उठतं. घरची बाई थोडा वेळ सौजन्यानं बसते, मग "तुमचं चालू द्या" म्हणून दार ओढून घेते. मी परक्या दिवाणखान्यात एकटी उरते. काम संपलं की कुणीतरी येतं, दोन सूर वाजवून "वा, छान" म्हणतं आणि मी निघते. पियानो खरोखर वाजतो तेव्हा मी बसमध्ये असते. इतकी वर्षं हा धंदा केला, पण मी जुळवलेल्या पियानोवर कुणी पूर्ण वाजवलेलं मी ऐकलं, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

धंदा वडिलांकडून आला. ते पुण्याच्या कॅम्पातल्या एका वाद्यांच्या दुकानात सुतार होते. पियानोचे पाय, झाकणं दुरुस्त करता करता आतलं शिकले आणि मुलगा नसल्यानं त्यांनी ते मला शिकवलं. त्या वेळी क्लबांत, लष्कराच्या मेसमध्ये, चर्चमध्ये पियानो होते. साहेब गेले, पियानो मागे राहिले. ते लिलावात निघाले आणि भलत्याच घरांत जाऊन पडले. एका घरी पियानोच्या झाकणावर लोणच्याच्या बरण्या असत. काम सुरू करण्याआधी त्या उतरवायच्या, संपल्यावर परत मांडायच्या, आणि तो माझ्याच कामाचा भाग आहे अशी त्या घराची समजूत होती. दुसऱ्या एका घरी दरवर्षी पियानोवर गणपती बसे. विसर्जन झालं की मला बोलावणं येई. आतून अक्षता आणि सुकलेल्या दूर्वा काढायच्या. पानशेतचं पाणी गावात शिरलं त्या वर्षी मी नदीकाठच्या एका घरातला पियानो उघडला, तेव्हा आतून गाळाबरोबर एक मेलेला मासा निघाला. घरमालक म्हणाले, "आता सूर लागेल ना?" मी म्हटलं, "माशाचा काही संबंध नव्हता, लाकूड फुटलंय."

हा लेख मागणाऱ्या संपादकांना असल्याच गमती हव्या असणार. पण मला लिहायचं आहे मुळशीच्या पियानोबद्दल.

त्याआधी पियानो आतून कसा असतो ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपण दाबतो ती पट्टी म्हणजे एक लांब लाकडी तरफ. आपल्या बाजूनं ती खाली गेली की पलीकडचं टोक वर उठतं आणि बनात, म्हणजे जाड लोकरी कापड, लावलेली एक लहान हातोडी तारांवर उडवतं. हातोडी मारते आणि लगेच मागं येते. ती मागं आली तरच पुढचा घाव घालता येतो. वरच्या सुरांना एकेका पट्टीमागं तीन-तीन तारा असतात. तिन्ही अगदी एकसारख्या लागाव्या लागतात, नाहीतर सूर थरथरतो. आणि एक गोष्ट बाहेरच्यांना पटत नाही: नीट जुळवलेला पियानो किंचित बेसूरच असतो. एका सुरावरून वाजवलेलं शुद्ध लावलं तर दुसऱ्या सुरावरून वाजवताना कानाला टोचतं. म्हणून ती खोट सगळ्या पट्ट्यांत सारखी वाटून द्यायची, इतकी थोडी की कुठूनही सुरुवात केली तरी चालावं. माझी सगळी विद्या ही वाटणी करण्यातच आहे.

मुळशीला पौडवरून जायचं. पौडला गाडी थांबायची, ड्रायव्हर-कंडक्टर चहा पिऊन यायचे, मग पुढचा कच्चा रस्ता. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या हातातली काळी पिशवी पाहून शेजारची म्हातारी म्हणाली, "कुणाची येळ भरली वं बाई?"

"कुणाची नाही. मी बाजा दुरुस्त करायला चाललेय."

"म्हंजी सुईण न्हाई?"

"नाही."

"मग आमच्या सुनंला बगून तरी जा. पिशवी हाय की तुमच्यापाशी."

बंगला धरणाच्या पाण्यापासून जरा वर, रस्त्याच्या एका वळणावर होता. कुमुदबाई तिथं एकट्या राहत. माहेर मुंबईचं, वडील बॅरिस्टर. लग्नात वडिलांनी एक लहानसा आडवा पियानो दिला होता. यजमान धरणाच्या कामावर इंजिनिअर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी तिथंच बंगला बांधला आणि दोन वर्षांत वारले. बाई मुंबईला परत जातील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्या गेल्या नाहीत. मूलबाळ नव्हतं. बंगल्यात त्या, पियानो आणि स्वयंपाकाला चिमाबाई. चिमाबाईचं घर वरच्या वाडीत होतं. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तिकडं बोट दाखवून ती मला सांगे, "त्यो काळा दगड दिसतुया ना, तितं आमचा गोठा हुता." हे ती बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगे.

मी वर्षातून दोनदा जाई, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा पावसाच्या आधी. एवढ्या लांबच्या एका पियानोसाठी जाणं धंद्याच्या हिशेबात बसत नव्हतं. तरी मी जाई, कारण मुळशीचा पियानो म्हणजे माझ्या विद्येला आव्हान होतं. तिथली हवा चार महिने ओल्या फडक्यासारखी असते. लाकूड फुगतं, बनात फुगते, हातोड्या आळसावतात. पट्टी दाबली की खालीच राहते.

कुमुदबाईंची पहिल्याच दिवशी हीच तक्रार होती. "पांचाळबाई, वरच्या सप्तकाकडे बघा हं. एकच पट्टी भरभर वाजवली की तिसऱ्या-चौथ्याला ती उठतच नाही. माझी रॅप्सडी तिथंच अडते."

रॅप्सडी म्हणजे काय, हे मला त्यांनीच समजावलं. स्वरलिपी मला थोडीफार वाचता येते. ही गेल्या शतकातल्या एका युरोपियन पियानोवादकाची रचना होती, स्वतःचे हात किती पळतात हे जगाला दाखवण्यासाठी केलेली. तिच्यात कडक नियमांचं बांधकाम नाही. गावोगाव फिरणाऱ्या वादकांची गाणी उचलून एकापुढं एक ओवलेली, पण ओवण्याची रीत ठरलेली. सुरुवात अगदी खालच्या, जड सुरांत. जमलेल्या मंडळींना गप्प करण्यासाठी म्हाताऱ्यानं खाकरावं, तशी. मग एक संथ गाणं येतं. ते दोनदा-तीनदा परत येतं आणि दर वेळी जास्त दागिने घालून येतं. मधेच डावा हात थांबतो आणि उजवा एकटाच बारीक सुरांची माळ वरपर्यंत घेऊन जातो, खाली येतो, परत गाणं धरतो. असा हा पहिला अर्धा भाग. तो एका मोठ्या स्वरसमूहावर येऊन थांबतो. त्या सुरांच्या डोक्यावर अर्धगोल आणि आत टिंब अशी खूण असते. तिचा अर्थ, इथं थांबा. किती वेळ, ते लिहिलेलं नसतं. वाजवणाऱ्याच्या मर्जीवर.

त्या थांब्यानंतर दुसरा अर्धा भाग. तो वर, हलक्या हातानं, एक चिमुकली नाचाची चाल घेऊन सुरू होतो. एकच पट्टी सारखी, लाह्या फुटाव्यात तशी वाजत राहते. चाल वाढत जाते, मधेच पायरी चुकल्यासारखी भलत्याच सुरात उडी मारते, परत येते, दोन्ही हात एकमेकांवरून उड्या मारू लागतात. शेवटाच्या जरा आधी सगळं एकदम थांबतं, पहिल्या भागातलं संथ गाणं दोन ओळींपुरतं डोकावतं, जणू ओळख विसरलेलं कुणी दारातून आत बघून गेलं. मग दोन्ही हातांनी सप्तकांच्या जोड्या, एकच सूर खाली-वर एकदम, कोसळतात आणि संपतं.

पुण्यात हे मी कुणाला सांगितलं की लगेच उत्तर येतं, "म्हणजे आपलं विलंबित आणि द्रुत." मला ते पटत नाही. आपल्याकडं लय हळूहळू वाढते, एकातून दुसरं निघतं, आणि ती उचलून द्यायला शेजारी तबलजी असतो. इथं दोन भागांच्या मधे नुसती पोकळी आहे. अलीकडच्या काठावर संथ गाणं संपलं, पलीकडच्या काठावर नाच सुरू व्हायचा. मधून कुणी हात देत नाही. उडी एकट्यानंच मारायची.

दर खेपेला मी काम संपवलं की कुमुदबाई पियानो तपासायला बसत आणि पहिला भाग वाजवत. चांगला वाजवत. मुंबईत एका परदेशी शिक्षिकेकडं शिकलेल्या होत्या, हात घडलेला होता. खाकरणं, संथ गाणं, माळा, सगळं जागच्या जागी. मग तो मोठा स्वरसमूह. तो हवेत विरेपर्यंत त्या पाय पेडलवर ठेवून बसत, मग एक पट्टी तीन-चारदा वाजवून बघत आणि म्हणत, "अजून अडतेय हो." आणि झाकण बंद करत. नेमक्या त्याच वेळी आतून कपबशा वाजत. चिमाबाई चहा घेऊन येई.

एकदा मी तिला विचारलं, "तुला बरोबर वेळ कशी कळते गं?"

"अवो, बाईसाबचं गाणं संपाया आलं की त्यो सूर येतो ना मोट्टा, भांडं पडल्यावानी? त्याच्या अगुदर येक वरती चडतं ना, मुंग्यांची रांग चालल्यावानी? ती रांग सुरू झाली की म्या आधण ठेवती. मोटा सूर आला की उकळी. साहेब हुते तवापास्नं असंच हाय."

"आणि त्याच्या पुढचं?"

"पुडचं काय? पुडं चहा."

मला हसू आलं. पण त्या दिवशी आतल्या हातोड्या बघताना मी जरा नीट बघितलं. बनात मऊ असते. हातोडी तारांवर आपटून आपटून तिच्या तोंडावर तारांच्या खाचा पडतात. कुठल्या पट्ट्या किती वाजल्या, हे त्यावरून कळतं. खालच्या आणि मधल्या हातोड्यांवर खोल खाचा होत्या. वरच्या सप्तकातल्या हातोड्या जवळजवळ कोऱ्या होत्या. माळांनी पडलेल्या बारीक रेघा, बस. हा पियानो लग्नातला. म्हणजे इतक्या वर्षांत त्याच्यावर दुसरा भाग वाजलेलाच नव्हता. आज अडत होती ती पट्टी कधीकाळी, पियानो नवा असताना, नक्कीच चालत असणार.

लोकांच्या पियानोत काय दिसतं ते लोकांना सांगायचं नाही, हा वडिलांचा दंडक. पण मनात आलं, बाईंना खरोखर वाजवायचं आहे आणि पियानो नडतो आहे, असं त्या म्हणतात ना? मग पियानो नडता कामा नये.

पुढच्या खेपेला मी मुक्कामाच्या तयारीनं गेले. सगळी यंत्रणा बाहेर काढली. हातोड्यांच्या बारीक बिजागऱ्या एकेक करून सैल केल्या. पट्ट्या फुगल्या होत्या. पुण्यात मी पियानोच्या पोटात लहानसा दिवा लावून ठेवते, त्याच्या उबेनं आत कोरडं राहतं. पण समोरच्या पाण्यावर झालेली वीज डोंगर उतरून मुंबईला जात होती आणि बंगल्यात कंदील होते. शेवटी मी स्वयंपाकघरात गेले. चुलीच्या वर एक फळी होती आणि तिच्यावर चिमाबाईनं पुढच्या वर्षाचं बी धुरात ठेवलेलं होतं.

"चिमाबाई, ही फळी मला चार दिवस दे."

"बियानं कुटं ठिवू?"

"खाली. मला हे ठेवायचंय." मी पट्ट्यांचा पहिला गठ्ठा दाखवला.

"अगं बया! बाज्याचे दात काडले व्हय तुमी?"

चार दिवस चुलीवर भाकरी होत होत्या आणि वर हस्तिदंती दात वाळत होते. चिमाबाई वाडीतल्या बायकांना बोलावून दाखवी. एका धनगर म्हातारीनं, जी बंगल्यावर तूप घालायची, एक पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "ह्याच्यात गानं कुटं असतंय?" मी म्हटलं, "ह्याच्यात नसतंच, आजी." तिनं ती परत ठेवली. उत्तर तिला पसंत पडलं नाही.

सगळं परत बसवलं आणि मी वरच्या सप्तकातली ती पट्टी वाजवून पाहिली. बोटं बदलून बदलून, जितक्या लवकर येतं तितक्या लवकर. लाह्या फुटल्या. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते धरते. मुळशीच्या हवेत, विजेशिवाय, असं काम दुसऱ्या कुणी केलेलं मला तरी माहीत नाही.

मी कुमुदबाईंना हाक मारली. "आता अडणार नाही. बसा."

त्या आल्या, उभ्यानंच ती पट्टी वाजवली. एकदा हळू, एकदा भरभर. पट्टी उठत होती. त्या बराच वेळ आपल्या बोटाकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान झालंय. आज नको, आज जरा डोकं दुखतंय."

पुढच्या खेपेला चष्मा बदलायचा होता. त्याच्या पुढच्या खेपेला पट्ट्या फार हलक्या झाल्यात अशी तक्रार आली. मी विनाकारण फटकळ नाही, पण त्या दिवशी बोलले. "कुमुदबाई, वरच्या हातोड्या कोऱ्या आहेत. दुसरा भाग ह्या पियानोवर कधीच वाजलेला नाही. पियानो नवा होता तेव्हाही नाही."

त्यांनी मला जा म्हटलं असतं तरी वाईट वाटलं नसतं. त्या खिडकीशी गेल्या. खाली पाणी होतं, पलीकडं डोंगर, माणूस एकही नाही.

"लग्न होऊन इथं आले," त्या म्हणाल्या, "तेव्हा ह्यांनी वरिष्ठांना जेवायला बोलावलं होतं. मला वाजवायला सांगितलं. दोन्ही भाग तयार होते माझे तेव्हा. मी त्या थांब्यापर्यंत आले, आणि ह्यांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांना वाटलं, संपलं. मग पाहुण्यांनी वाजवल्या. सगळे उठलेसुद्धा. आता त्या सगळ्यांना खाली बसा, अजून अर्धं आहे, असं कसं सांगायचं? मी उठून नमस्कार केला."

"पण नंतर? घरात सांगायचं."

"रोज संध्याकाळी कामावरून येऊन खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, तुझं ते वाजव. त्या ठिकाणी आले की इतक्या मनापासून टाळ्या वाजवायचे. पहिल्या दिवशी सांगितलं नाही. महिन्यानं सांगितलं तर विचारतील, मग इतके दिवस का नाही बोललीस? वर्षानं सांगितलं तर आणखीच. मग राहिलंच." त्या हसल्या. "ते गेले तेव्हा वाटलं, आता वाजवावं. पण बोटं विसरली होती आणि पट्टी अडत होती. पट्टी अडते हे बरं होतं हो, पांचाळबाई."

अडलेली वस्तू चालू करणं एवढंच मला येतं. कुणाला ती अडलेलीच बरी वाटत असेल, हे हत्यारांची पिशवी भरताना मनात येत नाही. मी पिशवी आवरली. खाली गाडीचा हॉर्न झाला. तोपर्यंत ड्रायव्हर मला ओळखू लागला होता. वळणावर येताना हॉर्न द्यायचा आणि मी पायवाट उतरेपर्यंत थांबायचा.

त्यानंतर दोन वर्षांनी बंगला सोडायचं ठरलं. बाईंच्या गुडघ्यांना चढ-उतार जमेना. मुंबईचा भाचा त्यांना आपल्या घरी न्यायला तयार होता, पण तिथं पियानोला जागा नव्हती. पुण्यातल्या एका शाळेला तो द्यायचं मी जमवलं. अजून तिथंच आहे, मुली त्याच्यावर प्रार्थना वाजवतात आणि मीच तो जुळवते. ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता. आदल्या दुपारी मी पियानो उघडून आतलं सगळं बांधायला गेले. तारा, हातोड्या हलू नयेत म्हणून मधे कापडाच्या पट्ट्या घालायच्या असतात. तासाभराचं काम. परतीच्या गाडीला भरपूर वेळ होता.

जाऊन पाहते तर व्हरांड्यात वहाणा. वाडीतल्या बायका बाईंचा निरोप घ्यायला आल्या होत्या. चिमाबाई, तिची जाऊ, बागेचं काम करणारा आणि त्याची बायको, ती तूपवाली आजी. कुणी तांदूळ आणले होते, कुणी हुलगे. सगळे भिंतीला टेकून खाली बसलेले, आणि बोलायचं ते सगळं बोलून झालेलं.

कुमुदबाई म्हणाल्या, "पांचाळबाई, बांधायच्या आधी एकदा वाजवते."

मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसले. पियानो गेल्या खेपेला जुळवलेला होता, पण बराच सुरात होता. त्यांनी सुरुवात केली. खाकरणं, संथ गाणं. गाणं दुसऱ्यांदा आलं, दागिने घालून. बायका निमूट ऐकत होत्या. त्यांना ते पाठच होतं. इतकी वर्षं पाणी भरताना, गुरं वळताना त्यांनी खिडकीतून ऐकलेलं होतं. मुंग्यांची रांग वर चढू लागली, तशी चिमाबाई चुळबुळली. आणि तो मोठा स्वरसमूह आला.

चिमाबाई उठली. तिच्या मागोमाग जाऊ उठली, माळी उठला, त्यानं टोपी नीट केली. आजी काठी चाचपू लागली. कुणाचं काही चुकत नव्हतं. गाणं इथं संपतं, मग चहा होतो, हे त्या घराचं बांधलेलं वळण होतं.

सूर अजून हवेत होता. बाईंचा पाय पेडलवर होता. त्यांनी मान वळवून उभ्या माणसांकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडावर एक हसू आलं. ते हसू मी आधी पाहिलेलं नव्हतं, पण मला ते कळलं. वरिष्ठांना नमस्कार करतानाचं ते असणार. त्यांचा उजवा हात झाकणाकडं गेला.

"चिमाबाई," मी म्हटलं, "खाली बस. अजून आहे."

"आं? न्हाई वं, संपलंया की." चिमाबाई मला समजावू लागली. "तुमाला ठावं न्हाई. हितंच संपतंय."

"मला माहीत आहे. अर्धं राहिलंय."

"आन् इतकी वर्सं मग?" ती कुमुदबाईंकडं वळली. "व्हय वं बाईसाब? अजून हाय?"

बाईंचा हात झाकणावर थांबला होता. तो सूर पार विरून गेला. मग म्हणाल्या, "हो गं. आहे अजून. चहा राहू दे."

"मग आदी न्हाई का सांगायचं!" चिमाबाई म्हणाली आणि खाली बसली. तिच्याबरोबर सगळे परत बसले. वर्षानुवर्षं ज्याची भीती घेतली, ते इतक्यात उरकलं.

त्यांनी दुसरा भाग वाजवला. चांगला वाजवला असं मी म्हणणार नाही. त्या भागाला जी गती लागते तिच्या निम्मीही नव्हती. डोक्यावर हारा घेऊन घाट उतरावा तसा, पाय चाचपत. लाह्या फुटल्या नाहीत, एकेक दाणा पडत गेला. पण पट्टी दर वेळी उठली, ते मी ऐकलं. एका उडीला हात भलतीकडं पडला, त्या थांबल्या, मागं गेल्या, परत उडी मारली, परत चुकल्या, आणि तिसऱ्यांदा तसंच चुकीचं धरून पुढं गेल्या. शेवटाजवळ ते संथ गाणं दोन ओळींपुरतं आलं, तेव्हा आजीनं मान डोलावली. तिला ओळखीचं माणूस भेटलं होतं. मग सप्तकांच्या जोड्या, एकेक मोजून, जड, आणि शेवटचा घाव.

त्यांनी हात मांडीवर ठेवले.

कुणी हललं नाही. टाळ्या वाजवायची तिथं कुणाला सवय नव्हती, आणि टाळ्या वाजवणारा माणूस राहिला नव्हता. बायका वाट बघत बसल्या होत्या. हे कुठं संपतं ते त्यांना ठाऊकच नव्हतं. एकदा फसल्या होत्या, आता दुसऱ्यांदा फसायला कुणी तयार नव्हतं. वरच्या तारा उतरल्या होत्या, त्यांची थरथर मला शेवटच्या सुरात ऐकू आली होती. एरवी मी लगेच खुंट्या फिरवायची चावी काढली असती. मीही बसून राहिले.

बऱ्याच वेळानं चिमाबाईनं हळूच विचारलं, "आता उटू का?"

कुमुदबाई पियानोकडंच तोंड करून होत्या. "थांब गं जरा," त्या म्हणाल्या.

चिमाबाई थांबली. आम्ही सगळेच थांबलो. खाली वळणावर पुण्याची गाडी आली. ड्रायव्हरनं माझ्यासाठी हॉर्न दिला, थोडा वेळ वाट पाहिली आणि गाडी निघून गेली.